दुखतंय की ठणकतंय?

सणासुदीला दुखण्याचा विषय काढू नये, असे मला घरातून बजावण्यात आले होते. ‘अहो, लोक चकली खात खात वाचणार आणि तुम्ही मेलं—’ हे वाक्य पुरे झाले नाही, पण पोचले. तरीही विषय तोच ठेवला आहे. त्याला एक पत्र कारणीभूत आहे आणि एक पहाट. पहाटेकडे मागाहून येतो. पत्राचे आधी सांगतो.

पत्र ठाण्याच्या एका भगिनींचे आहे. त्यांचे चिरंजीव आठवीत, इंग्रजी शाळेत. ‘आजारपणातला एक दिवस’ असा निबंध होता. चिरंजीवांनी लिहिले, ‘माय हेड वॉज पेनिंग अँड माय थ्रोट वॉज आल्सो पेनिंग.’ बाईंनी दोन्ही ‘पेनिंग’खाली लाल रेघ ओढली, एकावर ‘हेडेक’ लिहिले, दुसऱ्यावर ‘सोअर थ्रोट’. मुलगा रडवेला होऊन घरी आला. आईने कपाटातला इंग्रजी-मराठी कोश काढला आणि पेन, एक्, हर्ट, सोअर असे चार शब्द पाहिले. चौघांपुढेही कमीअधिक फरकाने तेच: दुखणे, वेदना. भगिनी विचारतात, ‘चौघांचा अर्थ एकच असेल तर बाईंनी रेघ का ओढली? आणि एक नसेल तर कोशकार काय झोपले होते?’

मराठीच्या अध्यापकाला इंग्रजी शब्दांचा निवाडा करायला सांगणे म्हणजे वैद्याकडे घड्याळ दुरुस्तीला देण्यासारखे आहे. पण या सदराच्या वाचकांना माझ्या अज्ञानाची आता सवय झाली आहे. शिवाय प्रश्न दिसतो तितका इंग्रजीचा नाही. कोशकाराची बाजू आधी घेतो. त्याला एका शब्दापुढे अर्धी ओळ मिळते. तेवढ्यात तो शब्दाचे नाव-गाव सांगतो. शब्द कोणाकडे जातो-येतो, कोणाच्या पंक्तीला बसतो, हे सांगायला जागाच नसते. एखादा इंग्रज आपल्याकडे आला आणि त्याने साळ, तांदूळ आणि भात हे तीन शब्द आपल्या कोशात पाहिले, तर तिन्हींपुढे त्याला ‘राइस’ सापडू शकेल. मग तो वाण्याकडे जाऊन दोन किलो भात मागेल. वाणी हसेल, पण तांदूळ देईल. आठवीच्या बाई तेवढ्या दयाळू नसतात.

तर आता हे चौघे.

‘एक्’ आधी घेऊ. देवनागरीत तो सरळ लिहिला की एक-दोन-तीनमधला एक वाटतो, म्हणून त्याचा पाय मोडला आहे. दुखण्याच्या शब्दाचा पाय मोडलेला असावा हे रीतसरच झाले. ‘एक्’ म्हणजे मंद, लांबलेले, एका जागी ठाण मांडून बसलेले दुखणे. पाहुण्यासारखे येते आणि मुक्कामाला राहते. त्याची सोबत काही ठरावीक अवयवांशीच आहे: हेडेक, टूथेक, इअरेक, बॅकेक, स्टमकेक. हाताचा किंवा बोटाचा असा जोडशब्द इंग्रज सहसा करीत नाही. का करीत नाही, म्हणून त्याच्यावर रागावण्यापूर्वी आपल्या घरात पाहावे. आपण डोकेदुखी, पोटदुखी, दाढदुखी, कंबरदुखी म्हणतो. ‘बोटदुखी’ कोणी म्हटलेली मी ऐकलेली नाही. बोट दुखते, पण त्याची दुखी होत नाही.

या शब्दाच्या स्पेलिंगने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना छळले आहे, त्याचीही एक हकीकत आहे. पूर्वी क्रियापद ‘के’ने लिहीत आणि नाम ‘सीएच’ने; नामाचा उच्चार ‘एच’ या अक्षरासारखा होत असे. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा हा शब्द ग्रीकमधून आला अशी त्यांची समजूत होती, आणि त्या भरात ‘सीएच’चे स्पेलिंग पक्के झाले. शब्द ग्रीक नव्हताच. तो जुन्या इंग्रजीतला घरचाच. जॉन्सनसाहेबांची व्युत्पत्ती चुकली आणि मार मात्र आपल्या मुलांना बसला.

‘पेन’ हा यांतला सर्वांत ऐसपैस शब्द. तीव्र, बोचरे, एखाद्या नेमक्या जागी उठणारे दुखणे सांगायचे असेल तर तो हवाच. शिवाय सगळ्या प्रकारच्या दुखण्यांचे कुलनामही तोच. म्हणून गोळीचे नाव ‘पेनकिलर’. ‘आय हॅव अ हेडेक’ म्हटले तर इंग्रज डॉक्टर विश्रांती घ्या म्हणेल. ‘आय हॅव अ पेन इन माय हेड’ म्हटले तर तो खुर्ची पुढे ओढून ‘नेमके कुठे?’ असे विचारण्याचा संभव अधिक. त्याचे मूळ लॅटिन ‘पीना’, म्हणजे दंड, शिक्षा. कायद्याच्या भाषेतले ‘पीनल’ आणि ‘पेनल्टी’ हे त्याचेच भाऊबंद. दुखणे ही कसलीतरी शिक्षा आहे ही कल्पना रोमन लोकांपासून चालत आली, आणि आपली आजीही गुडघा चोळताना ‘भोग आहेत बाबा’ म्हणायची. रोमला ती कधी गेली नव्हती. अनेकवचनात ‘पेन्स’ म्हटले की कष्ट. आणि बाळंतिणीच्या संदर्भात ‘लेबर पेन्स’. इथे मराठीही अनेकवचनातच बोलते: कळा येतात, कळ नव्हे.

आता चिरंजीवांची चूक. ‘पेन’ हे क्रियापद इंग्रजीत आहे, पण आजचा इंग्रज ते बहुतेक मनाच्या दुःखासाठी राखून ठेवतो. ‘इट पेन्स मी टु से’ असे म्हणून तो वाईट बातमी सांगतो. डोके किंवा पाय ‘पेनिंग’ असणे ही आपली, हिंदुस्थानी इंग्रजीची खास कमाई. डोके ‘दुखतंय’ याचे आपण जागच्या जागी भाषांतर केले. लाखो लोक असे बोलतात आणि एकमेकांना ते कळते, तेव्हा मी त्याला गुन्हा म्हणणार नाही. पण परीक्षेत लिहू नये. तिथे ‘हर्ट’ वापरावे: ‘माय हेड हर्ट्स.’

‘हर्ट’ मुळात फ्रेंचमधून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ धडक देणे, टक्कर मारणे असा होता. त्या धडकेची आठवण त्याला अजून आहे. काहीतरी लागले, आपटले, बोलणे जिव्हारी लागले, तिथे ‘हर्ट’ शोभतो. बूट टाचेला त्रास देतो तेव्हाही ‘हर्ट्स’. (आपला बूट चावतो. त्यावरून आपण ‘शूबाइट’ असा शब्द इंग्रजीत तयार केला. लंडनच्या दुकानात तो उच्चारला तर दुकानदार आधी बुटाकडे पाहील आणि मग तुमच्याकडे.)

उरला ‘सोअर’. याला मराठीत एक सुरेख प्रतिशब्द आहे आणि तो कोशात सहसा देत नाहीत: दुखरा. हात लावला, वापर केला, की दुखते, एरवी गप्प. घसा ‘सोअर’ असतो, कारण गिळताना तो आठवण देतो. आपण म्हणतो खवखवतो. फार चालल्यावर पाय ‘सोअर’ होतात, सोलवटलेली कातडी ‘सोअर’ होते, ती हुळहुळते. याच शब्दाच्या पोटी ‘सॉरी’ जन्मला. दिवसातून पन्नास वेळा आपण ‘सॉरी’ म्हणतो तेव्हा मुळात ‘मी दुखावलेला आहे’ असे म्हणत असतो. ज्याच्या पायावर पाय दिला तो नव्हे, मी! ‘सॉरो’ हा शब्द मात्र ‘सॉरी’चा सख्खा दिसत असूनही कोणी लागत नाही. त्याचे घराणे वेगळे. चेहरेपट्टीवरून नाते ठरवू नये.

‘स्मार्ट’बद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याचा जुना अर्थ चुरचुरणे, झोंबणे. जखमेवर औषध लावले की ती ‘स्मार्ट’ करते. त्या झोंबण्यावरून तो तीक्ष्ण, तल्लख बुद्धीच्या माणसाला लागला आणि आता तर फोनलाही लागला आहे. आपल्या ‘तिखट’नेही हाच प्रवास केला. ‘मुलगी मोठी तिखट आहे हो’ असे म्हणणाऱ्या शेजारीणबाईंच्या मनात मिरचीच असते.

ठाण्याच्या भगिनींना इतके उत्तर पुरले असते. मी तसे लिहायलाही घेतले होते. मध्येच ती पहाट आली.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वय वर्षे चौऱ्याहत्तर. एके दिवशी पाच वाजता अंथरुणात उठून बसलेले दिसले. कपाळाला घाम. काय होतंय विचारले तर ‘काही नाही रे, जरा पंखा वाढव’ म्हणाले. पंखा पाचावरच होता. अर्ध्या तासाने आम्ही त्यांना घेऊन रुग्णालयात गेलो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. घडले त्यात चूक माझी होती.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. दक्षिणेकडून नुकताच आलेला, मराठी शून्य, हिंदी बेताची. चेहरा मात्र फार सालस. रात्रभर जागा असावा. मी पुढे होऊन मोठ्या आत्मविश्वासाने इंग्रजीत सांगितले की मी दुभाष्याचे काम करीन, मी कॉलेजात शिकवतो.

‘एनी चेस्ट पेन?’ त्याने विचारले.

‘अण्णा, छातीत दुखतंय का?’

‘दुखत नाही रे,’ अण्णा म्हणाले. ‘छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय.’

आता मी काय करावे? मी, चोवीस वर्षे मुलांना शब्दांच्या छटा शिकवणारा माणूस, डॉक्टरकडे वळून म्हणालो, ‘नो पेन, डॉक्टर. जस्ट अ लिटल अनईझी.’

पाटा गाळला. तो अलंकार वाटला मला. वडिलांना थोडे रंगवून बोलायची सवय आहे, ते मी माझ्या परीने गद्यात आणले. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिले, रक्तदाब पाहिला आणि छातीचा आलेख काढायला सांगितले. पण पुढे चारजण होते आणि एका मुलाच्या डोक्यातून रक्त वाहत होते. आम्हाला बाकावर बसायला सांगण्यात आले. मलाही बरे वाटले. पेन नाही म्हणजे काळजीचे नाही.

पाचएक मिनिटांनी एक वयस्क सिस्टर पाण्याची बाटली घेऊन जात होत्या. बोलण्यावरून कोकणातल्या. त्या अण्णांपाशी थांबल्या. ‘आजोबा, तुम्हाला काय होतंय?’

‘छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय, बाई. आणि हा हात जड झालाय.’

सिस्टरांनी बाटली तिथेच खाली ठेवली. त्या डॉक्टरकडे गेल्या, आणि त्या जे इंग्रजी बोलल्या ते मला अजून पाठ आहे: ‘डॉक्टर, हेवीनेस इन चेस्ट. प्रेशर. लेफ्ट आर्म आल्सो.’ ना कर्ता, ना क्रियापद. आमच्या परीक्षेत या वाक्याला दहापैकी चार मिळाले असते. दोन मिनिटांत अण्णा आत होते, आलेख निघाला होता, आणि मी बाहेर त्या बाटलीकडे पाहत उभा होतो. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. ती सकाळीच उघडण्यात आली. उशीर झाला असता तर हा लेख मी लिहिला नसता, किंवा निराळा लिहिला असता.

तिसऱ्या दिवशी तो तरुण डॉक्टर अण्णांना पाहायला आला. मी त्याला ‘सॉरी’ म्हणालो, जुन्या अर्थाने. त्याने मला बाजूला घेतले आणि समजावून सांगितले. हृदयविकाराचा झटका आलेली पुष्कळ माणसे ‘पेन आहे का?’ याला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. त्यांना दडपण वाटते, आवळल्यासारखे वाटते, जड वाटते. आणि त्या गोष्टीला ती दुखणे समजत नाहीत. विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने १७६८ साली ‘अँजायना पेक्टोरिस’ असे या विकाराचे नामकरण केले, त्या नावातही ‘दुखणे’ नाहीच; गळा आवळावा तसे छातीत आवळणे आहे. ‘म्हणून आम्हाला शिकवतात की पेन एवढाच शब्द विचारू नका,’ तो म्हणाला. ‘पण त्या रात्री मी तेवढाच विचारला.’ म्हणजे दोघांनीही शब्द कमी वापरले होते. मला त्याचा हा मोकळेपणा फार आवडला.

आणखी एक गोष्ट त्याने फोनवर दाखवली. कॅनडात माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठ आहे. तिथले रोनाल्ड मेलझॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ (२०१९ साली ते वारले) रुग्ण आपल्या दुखण्याचे वर्णन कोणकोणत्या शब्दांनी करतात ते गोळा करीत असत. १९७१ साली त्यांनी आणि टॉर्गरसन यांनी असे एकशे दोन शब्द घेऊन त्यांची वर्गवारी केली. आणि १९७५ साली मेलझॅक यांनी अठ्ठ्याहत्तर शब्दांची, वीस गटांत लावलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाने आपल्याला लागू पडणाऱ्या गटातला एक शब्द निवडायचा. गटातले शब्द सौम्याकडून तीव्राकडे लावलेले. ही प्रश्नावली जगभर वापरली गेली. शब्दांच्या छटा हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्याच छटांवरून डॉक्टर निदानाकडे जातात हे मला चाळिशी उलटल्यावर कळावे! जळजळ, मुंग्या, विजेचा झटका असले शब्द आले की डॉक्टरचे लक्ष नसांकडे जाते. लाटेसारखे येऊन पोटात पिळवटून जाणारे आले की आतडे किंवा मुतखडा.

त्या यादीतला नववा गट पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यात पाच शब्द आहेत: डल, सोअर, हर्टिंग, एकिंग, हेवी. ठाण्याच्या चिरंजीवांच्या चारपैकी तीन शब्द एका ओळीत, आणि शेवटी आमच्या अण्णांचा पाटा!

इथे मला पीटर मार्क रोजे यांची आठवण झाली. ‘थिसॉरस’ या नावाने जो समानार्थी शब्दांचा संग्रह आपल्या ग्रंथालयांतून असतो, तो त्यांचा. तो १८५२ साली निघाला तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. पेशाने डॉक्टर. त्यांनी शब्दांचे अर्थ दिलेच नाहीत. जवळजवळचे शब्द एका खोलीत आणून बसवले आणि वापरणाऱ्याने आपला निवडावा म्हणून दार उघडे ठेवले. मेलझॅक यांनी त्या खोलीत वीस बाके टाकली, इतकेच. आमचे विद्यार्थी मात्र रोजेसाहेबांकडे जातात आणि दारातल्या पहिल्या शब्दाला हात धरून घेऊन येतात. समानार्थी म्हणजे बदली कामगार अशी त्यांची समजूत. मीही त्या पहाटे तेच केले, तेव्हा त्यांना बोलायला मला तोंड नाही.

अण्णा घरी आल्यावर आम्ही दोघांनी एक उद्योग केला. ती इंग्रजी यादी समोर ठेवून मराठी शब्द जमवू लागलो. पहिल्या गटातला ‘थ्रॉबिंग’ आला तेव्हा मी ‘ठणकणे’ लिहिले. अण्णा म्हणाले, ‘ठणका दाढेचा. गळू ठसठसतं.’ तेही लिहिले. ‘शूटिंग’ला त्यांनी विचार न करता ‘सणक’ दिली, आणि वर ‘कमरेत भरते ती चमक, ती निराळी’ अशी पुरवणी जोडली. मग वहीच भरली. डोळ्यात खुपते. काटा सलतो. डोके भणभणते. पोटात मुरडा येतो. पोटरीत पेटका येतो. पाठीत उसण भरते. मान अवघडते. फार वेळ मांडी घातली की पायाला मुंग्या येतात, ओझे धरून उभे राहिले की हाताला रग लागते. रग आणि मुंग्या यांना मला अजून समाधानकारक इंग्रजी जोडीदार मिळालेला नाही. ‘टिंगलिंग’ मुंग्यांच्या जवळ जातो, पण त्याला पाय कमी आहेत. आमच्या चिरंजीवांना यांतले निम्मे शब्द ठाऊक नव्हते. तो सगळ्यांना ‘पेन होतंय’ म्हणतो. उद्या त्याला कोणी नेमके काय होतंय म्हणून विचारले तर तो काय सांगणार, हा विचार मी त्या रात्री बराच वेळ करीत होतो.

दिवाळीच्या फराळानंतर ज्यांना त्रास होईल त्यांनी डॉक्टरकडे जाताना जपून बोलावे. नुसते जड झाले असेल तर ‘स्टमकेक’ म्हणू नये. आणि मुरडा येत असेल तर ‘अनईझी’ म्हणून शालीनता दाखवू नये. छातीबद्दल तर जे वाटेल ते, जसे वाटेल तसे, मराठीत सांगावे आणि समोरच्याला समजेपर्यंत सांगावे.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी अण्णांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. जॉन्सनच्या चुकीला मनापासून हसले. मग कागद परत देताना म्हणाले, ‘सगळं ठीक आहे. फक्त मी पाटा म्हटलं नव्हतं. वरवंटा म्हटलं होतं.’

‘अण्णा, काय फरक पडतो? दोन्ही दगडच.’

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. ‘पाटा एका जागी बसतो,’ ते म्हणाले. ‘हे फिरत होतं.’